एका दिवशी एकच

चौक, उत्तन
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय ऑड्रेबाय,

तुला, कॉन्रॅडला आणि पोरांना खूप प्रेम. इथे सगळे बरे आहेत असं लिहून पुढे जायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आज तरी ते खरं आहे. मम्मीने सकाळी तांदळाची भाकर खाल्ली, वर अर्धा तळलेला बोंबील, आणि उरलेला अर्धा मला दिला नाही.

कागदावरचं पत्र बघून तू हसशील. हस. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "हेझल, नंतर, ड्यूटीवर आहे," हे तुझं वाक्य आता आपल्या मांजरालासुद्धा पाठ झालंय. व्हॉइस मेसेज पाठवला तर तू तो भांडी घासता घासता स्पीकरवर लावतेस आणि मागून कॉन्रॅड विचारतो, "काय म्हणते गं?" मला जे म्हणायचंय ते तू एकटीने वाचायचं आहे. मावशीचा कॅल्विन बुधवारी मस्कतला परत चाललाय. मम्मीने त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी सुका जवळा कोंबलाय, त्याच्याबरोबर हे पाकीट. वास आला तर माफ कर.

आडवळणं घेत नाही. शांती नगरच्या भावेशभाईंच्या मेडिकलमधून तुझं नाव काढून घे. औषध खात्याला राजीनामा कळव. आता सगळं ऑनलाइन होतं, मस्कतमध्ये बसूनही होतं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं तुझं सर्टिफिकेट मी स्वतः उतरवून घरी आणते, तेवढं तू माझ्यावर सोड.

आता तू कागद खाली ठेवशील आणि म्हणशील, या पोरीला काय झालं. ठेवू नको. लग्नाआधी काही महिने तू त्या दुकानात बसलीस, मग विमानात बसलीस, आणि नाव तिथेच राहिलं. फार्मासिस्टच्या नावाशिवाय मेडिकल चालत नाही, आणि भावेशभाईंचं मेडिकल तुझ्या नावावर चालतं. खुर्ची आहे, त्यावर पांढरा कोट टाकलेला आहे, फक्त तू नाहीस. महिन्याला मम्मीच्या खात्यात ते काहीतरी टाकतात आणि आपण घरात त्याला 'ऑड्रेचं भाडं' म्हणतो, जशी काही तुझी तिथे खोली आहे. मीही म्हणायचे. हसून म्हणायचे.

भावेशभाई वाईट माणूस नाहीत, हे मलाही माहीत आहे. पप्पांच्या आजारपणात भर पावसात स्कूटरवरून उत्तनपर्यंत औषधं आणून द्यायचे. विसरले नाहीये मी. म्हणून तर हे पत्र लिहायला मला इतके दिवस लागले.

माझ्या ट्रेनिंगपासून सुरू करते. डिप्लोमाची दोन वर्षं झाली की तीन महिने मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्टच्या हाताखाली काम करायचं, त्याच्या सहीचा फॉर्म कॉलेजात द्यायचा, मग आपली नोंदणी. तुला मी काय सांगणार, तूही त्यातूनच गेलीस. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी ओळखीच्या दुकानातून सही आणायचं ठरवलं आणि घरी बसून मोबाइलवर गेम खेळले. मला तसं करायचं नव्हतं. पुस्तकातलं औषध आणि माणसाच्या हातात पडलेलं औषध, यांत काय फरक असतो ते मला बघायचं होतं. भावेशभाई म्हणाले, "बेटा, घर की दुकान छोड के कहाँ जाएगी?" मग तिथेच लागले.

आणि खरं सांगते, मजा आली. डॉक्टरांची अक्षरं लावायला शिकले. एक डॉक्टर तर असे लिहितात की वाटतं पेनाची शाई तपासत होते. गोळ्यांचा पत्ता कापायचा तो तारखेचा भाग दुकानात राहील असा. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फात नाही. पोरांच्या औषधाच्या पावडरच्या बाटलीत पाणी रेघेपर्यंतच ओतायचं आणि ते आईसमोर ओतायचं. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागणाऱ्याला भावेशभाई स्वतः हाकलतात, तेही मी पाहिलं. एकदा एका माणसाने त्यासाठी काउंटरवर हात आपटला तर म्हणाले, "काच फुटेगा तो तू भरेगा, लेकिन गोली नहीं मिलेगी."

शिकवलं कोणी? थोडं भावेशभाईंनी, थोडं रामूने. फॉर्मवर मात्र मार्गदर्शक म्हणून नाव येणार होतं तुझं. म्हणजे तीन महिने तू मला मस्कतहून शिकवत होतीस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि तुझ्याकडे तर उंटही आहेत.

रामू तुला आठवत असेल, काउंटरवरचा, भदोहीचा. तुझ्या वेळी नवा होता. आता अर्धं शांती नगर त्याला नावाने ओळखतं. त्याला मराठी शिकायचं होतं. म्हणाला, "उत्तन की, राई की मावशी लोग मराठी में पूछती हैं, मैं हिंदी में जवाब देता हूँ, अच्छा नहीं लगता." मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याला शिकवायला लागले. हिंदीत जिथे 'ही' येतो तिथे मराठीत 'च' लाव, हा माझा पहिला धडा. 'एक ही' म्हणजे 'एकच'. तो इतका खूश झाला की दिसेल तिथे च लावत सुटला. "मावशीच, बसाच. पाणीच पिणार?" आम्ही हसून हसून लोळायचो.

मम्मीला मधे थोडं बरं नव्हतं. तोंड आलं होतं. आता बरं आहे. त्याबद्दल उद्या लिहिते, आता तिला पेज द्यायची वेळ झाली.

रविवार

मिस्साहून आलो. मम्मी चालत गेली आणि चालत आली, मधे एकदा पायरीवर बसली फक्त. फादरांनी तुझी चौकशी केली.

काल मी 'तोंड आलं होतं' असं लिहिलं ना, ते खोडून टाकणार होते. मग ठरवलं, राहू दे. मी तुला कसं सांगायचं टाळत होते ते तरी तुला दिसेल.

मम्मीच्या हातांची बोटं तुला व्हिडिओवर दिसतच होती. पावसाळ्यानंतर इतकी सुजली की तिला वलांडीच्या बांबूवर बोंबील वाळत अडकवता येईना. ती बांबूला हात लावायची आणि डोळे मिटायची. शेवटी मीरा रोडच्या सांध्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी तिला घेऊन जाणार होते. त्या सकाळी भावेशभाईंचा फोन आला, "बेटा, आज जल्दी आ. साहब आनेवाले हैं, इन्स्पेक्शन है." मम्मी म्हणाली, "जा तू. मी काय कुकुलं पोर हाय काय? बसनं जाईन, रिक्षानं जाईन."

मी दुकानात पोचले तर भावेशभाईंनी तुझा पांढरा कोट इस्त्री करून ठेवला होता. म्हणाले, "ऑड्रे के फोटो में और तेरे में फरक ही क्या है? खाली पाँच मिनिट बैठना है. साहब पूछे तो मैं बोलूँगा, तू मत बोल." दर वेळी ते 'मॅडम जेवायला गेल्यात' असं सांगतात, हे मला माहीत होतं. या वेळी साहेबांनी आधीच बजावलं होतं म्हणे, की मॅडम जागेवर हव्यात.

ऑड्रे, मी बसले. माझे ट्रेनिंगचे थोडेच दिवस उरले होते आणि मला तो फॉर्म हवा होता. साहेब आत आले, भिंतीवर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "ऑड्रे घोन्सालविस?" मी नुसती मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही, आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली की मी खोटं बोलले नाही.

ते झोपेच्या गोळ्यांचं रजिस्टर बघत होते आणि मम्मी काउंटरवर आली.

डॉक्टरांकडून सरळ आपल्याच दुकानात. दुसरीकडे कशाला जाईल? काचेपलीकडे मी दिसले आणि तिचा चेहरा उजळला. "हे..." एवढं तिच्या तोंडून निघालं. मी तिच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं. आपल्या आईकडे. ती लगेच समजली. कधी गप्प बसायचं ते तिला कोणी शिकवायला लागत नाही. तिने चिठ्ठी रामूपुढे धरली. भावेशभाईंनी त्याला डोळ्यांनीच खुणावलं, लवकर आटप.

तिला दोन गोळ्या होत्या. एक साधी, जीवनसत्त्वाची. दुसरी मेथोट्रेक्सेट. तुला पुढचं कळलं असेल. तुझे हात थांबले असतील. ती गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक वारीच घ्यायची असते, हे दुसऱ्या वर्षी आपल्याला लाल अक्षरांत शिकवतात. डॉक्टर घाईत होते, त्यांनी तिला हिंदीत दोन शब्द सांगून 'दवाईवाला समझा देगा' म्हटलं होतं. आणि दवाईवाल्याने खरंच समजावलं. रामूला सांगायचं होतं, हफ्ते में एक ही दिन, एक गोली. हिंदीत सांगितलं असतं तर मम्मीला कळलं असतं. बाजारात सगळा जन्म ती हिंदीतच भाव करते. पण ती माझी आई. तिच्याशी मराठीत बोलावं म्हणून बिचारा धडपडला. 'आठवडा' हा शब्द त्याला ऐन वेळी सुचला नाही, म्हणून तो गाळला. आणि च लावला, पण नको तिथे.

"मावशी, एका दिवशी एकच गोळी, हां."

'एकाच दिवशी एक' म्हणायचं होतं. 'एका दिवशी एकच' म्हणाला.

मी ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, माझ्या कानावर ते शब्द पडले. मला नुसतं उठून विचारायचं होतं, मम्मी, काय समजलीस ते मला सांग बघू. पण तोंड उघडलं असतं तर मम्मीने 'हेझल' म्हणून उत्तर दिलं असतं, आणि ऑड्रे घोन्सालविसची आई तिला हेझल का म्हणते ते साहेबांना सांगावं लागलं असतं. मी रजिस्टरचं पान उलटलं.

आठवडाभराने तिचं तोंड आलं. मी म्हटलं, तिखट कमी खा. तोंडाला लावायचं मलम आणून दिलं. फार्मसीचा डिप्लोमा झालेली मुलगी घरात, आणि ती आईला मलम लावतेय. मग ती जेवेना. मग ताप. एका सकाळी चूळ भरली तर पाणी लाल आलं, तेव्हा मी तिची औषधांची पिशवी उपडी केली. पत्त्यातली एक, फार तर दोन घरं रिकामी असायला हवी होती. पत्ता संपत आला होता.

"मम्मी, कशी घेतलीस ही?"

"रोज एक. तो म्हनला ना, एका दिवशी एकच. एकदा रातचे हात लय दुखत होते, तरी दुसरी न्हाय घेतली मी."

तिला वाटलं मी तिला शाबासकी देईन.

भाईंदरच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की डॉक्टरीणबाईंनी तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं. त्या गोळीवरचा उतारा सुरू केला. त्या बाई माझ्याच वयाच्या असतील. पत्ता आणि बिल हातात घेऊन त्यांनी विचारलं, "औषध देताना फार्मासिस्ट होत्या काउंटरवर?" बिलावर खाली तुझं नाव छापलेलं होतं. मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग त्यांनी सांगितलं नाही?"



मम्मी शुद्धीवर होती पूर्ण वेळ, पण बोलता येत नव्हतं, जीभ इतकी सोलवटली होती. तीन दिवस मला कोणी खात्रीने काही सांगितलं नाही. मग पेशी वर चढायला लागल्या. पहिला शब्द बोलली तो, "ऑड्रेला नको सांगू. ती तिथं एकटी रडंल." मी त्या वेळी हो म्हटलं. तू त्या दिवसांत फोन केलास तेव्हा 'मम्मी मावशीकडे गेलीय, तिथे नेटवर्क नाही' असं सांगितलं ते खोटं होतं. मी खोटी नावं आणि खोटे पत्ते सांगण्यात चांगलीच तयार झाले होते.

सोमवार

काल पुढे लिहवलं नाही. आज कामावरून येऊन बसलेय. कामावरून म्हणजे कुठून, ते ऐक.

मम्मी घरी आली त्या आठवड्यात मी भावेशभाईंकडे गेले. हॉस्पिटलमध्ये ते रोज येत होते, शहाळं घेऊन, आणि मम्मीच्या पायाशी उभे राहून रडले होते. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण दुकानात पाहिलं तर खुर्चीवर तुझा कोट तसाच टाकलेला. मी म्हटलं, "भाई, उद्यापासून इथे फार्मासिस्ट बसवा. खराखुरा." ते म्हणाले, "बेटा, तेरी माँ को कुछ हो जाता तो मैं जिंदगी भर... लेकिन ये रामू की गलती थी. फार्मासिस्ट का इसमें क्या?"

मला असा राग आला ऑड्रे, की मी काउंटरवरच बोलले, गिऱ्हाइकांसमोर. रामूची चूक एका अक्षराची. ती अक्षराची चूक पकडायला जी बाई तिथे बसायला हवी होती, तिच्या जागी आपण कोट बसवला. आणि कोटाच्या आत मला. "सब ऐसे ही चलाते हैं," भाई म्हणाले. मी म्हटलं, "सगळे नाही चालवत."

मग त्यांनी ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढला. भरलेला. तास पूर्ण, काम उत्तम, शिक्का मारलेला. फक्त सही बाकी. म्हणाले, "ये ले जा, मेरी माँ. ऑड्रे की सही तू ही कर दे, तेरे को तो आती है." तुझी सही मला येते हे खरं आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून येते. आणि मनाला क्षणभर मोह झाला हेही खरं. वसईच्या एका हॉस्पिटलमध्ये मला नोकरी देणार होते, डिसेंबरपासून, नोंदणी झाली असती तर.

मी तो फॉर्म तिथेच ठेवला. ते तीन महिने गेले, त्यांवर पाणी सोडलं. नोकरीही गेली, ती दुसऱ्या मुलीला मिळाली. मी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलंय, भाईंदर पश्चिमेला द्वारका मॅडमच्या दुकानात.

द्वारका मॅडम म्हणजे राई गावच्या, मिठागरवाल्या घरच्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं असं की नवीन गिऱ्हाइकाला वाटतं आपण काहीतरी चोरलंय. शटर त्या स्वतः उघडतात आणि स्वतः लावतात. जेवायला गेल्या तर काउंटरवर पाटी ठेवतात, 'फार्मासिस्ट जेवत आहेत, थांबा', आणि लोक थांबतात, बडबडत थांबतात. मी पहिल्याच दिवशी त्यांना सगळं सांगितलं. मी दुसऱ्याच्या नावाने खुर्चीत बसले हेही. त्यांनी चष्मा वर ढकलला. मग म्हणाल्या, "इथे तुझं नाव काय?" मी म्हटलं, "हेझल." "मग त्या नावानं उभी रहा. बसायचं नंतर बघू."

त्यांचा एकच नियम आहे. औषध दिलं की आपण सांगायचं, आणि मग माणसाकडून परत म्हणवून घ्यायचं. 'कळलं का' असं विचारायचं नाही; कळलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर कशी घेणार ते मला सांगा' असं म्हणायचं. पहिल्या आठवड्यात लोकांनी मला काय काय ऐकवलं. एक काका म्हणाले, "मी शाळेत आलोय का?" दुसऱ्याच मिनिटाला त्याच काकांनी डोळ्यात घालायचे थेंब कानात घालणार असं सांगितलं. मग गुपचूप परत म्हणाले, तेही दोनदा.

हे काम आहे, ऑड्रे. पत्ता तर यंत्रसुद्धा काढून देईल. माणसाच्या डोक्यात काय गेलं ते बघायला समोर माणूस लागतं, आणि ते माणूस तू असायला हवी होतीस. तुला तोडून बोलायचं म्हणून बोलत नाही. वर्गात तू पहिली यायचीस. मी तुझ्या वह्या वाचून पास झाले.

रामूचं सांगते. तो मराठी बोलायचा बंदच झाला. मी दिसले की मान खाली. परवा मी मुद्दाम शांती नगरला गेले आणि त्याला दुकानाबाहेर चहाच्या टपरीवर बसवलं. म्हणाला, "दीदी, मैं अपनी भाषा में ही ठीक था." मी म्हटलं, अर्धं शिकून सोडायचं नाही. 'आठवडा' शंभर वेळा म्हण. सोमवार, मंगळवार, सगळे वार म्हण. त्याने म्हटले. आता आठवड्यातून एकदा मी जाणार आहे त्याच्याकडे. माझी शिकवणी अर्धवट होती, ती मी पुरी करणार.

आता तुझं. मला माहीत आहे तू नाव काढलंस की काय होईल. भावेशभाईंना लगेच दुसरं माणूस ठेवावं लागेल, पूर्ण पगाराचं, नाहीतर शटर खाली. ते आपल्यावर रागावतील. पप्पांच्या औषधांची आठवण काढतील आणि ती आठवण खरी असेल. आपलेच दात, आपलेच ओठ. मम्मीच्या खात्यात काही येणार नाही. ते मी बघेन, द्वारका मॅडमकडून शिकाऊ म्हणून जे मिळतं त्यात आमचं दोघींचं आणि मांजराचं भागतं. तुला कोणी जुनं उकरून विचारेल अशी भीती वाटेल. वाटू दे. मलाही वाटते.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार या महिन्याच्या तीस तारखेला आहे. तोपर्यंत मी थांबेन. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी औषध खात्याच्या ठाण्याच्या ऑफिसात जाईन आणि लिहून देईन, की त्या दिवशी खुर्चीत बसलेली मुलगी ऑड्रे नव्हती, मी होते. ऑड्रे कुठे आहे असं ते विचारतील, आणि मी खरं सांगेन. कदाचित मग माझी नोंदणी अडकेल, कदाचित कधीच होणार नाही. त्याचा विचार करून झाला. मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू आधी आपण होऊन नाव काढलंस तर तुझी बाजू उभी राहील, म्हणून आधी तुला सांगतेय. तुझी कागदपत्रं काढ, रात्री पोरं झोपली की कॉन्रॅडला समोर बसव, आणि त्याला सगळं सांग. मग अर्ज कर.

मी ऑफिसात तर जाणारच आहे, तू नाव काढलंस तरी. माझ्यापुरतं. तिथे तुझ्याबद्दल काय सांगायला लागेल, तेवढंच तुझ्या हातात आहे.

इतकं लिहून झालं आणि मम्मी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "कोनाला लिवतंस?" खोटं बोलायचा मला आता कंटाळा आलाय. म्हटलं, ऑड्रेला. मी शब्द मोडला म्हणून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला; हातात पुन्हा जोर आलाय, एवढं कळलं. मग खाटेवर बसली आणि म्हणाली, "वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. मांजराचं वाचलं तेव्हा हसली. हॉस्पिटलचं आलं तेव्हा तोंड फिरवून बसली. तुझं नाव बिलावर होतं, हे तिला माहीत नव्हतं. ते मी आजवर तिला सांगितलंच नव्हतं. ते वाक्य तिने मला परत वाचायला लावलं. मला वाटलं आता म्हणेल, फाड तो कागद. मग बोलली ते तसंच्या तसं लिहून पाठवतेय, कारण लिहून पाठव असं तिनेच सांगितलं.

"तिला सांग, मी बरी हाय, रडू नको. आनि सांग, ऑड्रे हे नाव मी ठेवलंय. देवळात फादरांच्या म्होरं ठेवलंय. भाड्यानं द्यायला न्हाय ठेवलं."

उत्तराची नाही, तुझ्या अर्जाची वाट पाहणारी,
तुझी बहीण
हेझल